भीती आणि नेमून दिलेले काम

२७ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी बेळगावातील आमच्या शाळेत एका मुलाने मला विचारले, ''सर, ते लोक इथेही येतील का?'' त्याचे काका मुंबईस नोकरीला होते आणि रात्रीपासून त्यांचा फोन लागत नव्हता. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. ''नाही रे, घाबरू नकोस,'' असे मी म्हणालो. असे ठामपणे सांगण्याइतके मला काहीच ठाऊक नव्हते, आणि ही गोष्ट त्या मुलाच्याही ध्यानात आली. आपल्या माणसांच्या इतक्या जवळ असा संहार घडल्यावर भीतीला काय उत्तर द्यावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

त्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा हल्लेखोरांनी मुंबईत ठिकठिकाणी हल्ले चढविले. २९ तारखेच्या सकाळी ते संपले, तोवर १६६ निरपराध जीव गेले होते. त्यांपैकी ५० हून अधिक माणसे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पडली. गावाकडे जाण्यासाठी बोचकी उशाशी घेऊन गाडीची वाट पाहणारी साधी माणसे होती ती.

त्याच स्थानकात विष्णू झेंडे हे उद्‌घोषक कामावर होते. एरवी गाड्यांच्या वेळा सांगणारा त्यांचा आवाज त्या रात्री उतारूंना पुन्हा पुन्हा सांगत राहिला, की मेन लाइनकडे जाऊ नका, दुसऱ्या बाजूने बाहेर पडा. हल्लेखोरांनी त्यांच्या केबिनच्या दिशेनेही गोळ्या झाडल्या. तरी त्या आवाजाने कितीतरी लोकांना वाट दाखविली.

स्थानकापासून जवळच कामा रुग्णालय आहे. तेथे परिचारिका अंजली कुलथे ह्यांच्या कक्षात २० गरोदर स्त्रिया होत्या. हल्लेखोर आवारात शिरलेले पाहताच त्यांनी सर्वांना एका लहानशा खोलीत नेले आणि दिवे मालविले. पुढे साक्षीसाठी न्यायालयात जाताना त्यांनी आपला गणवेशच अंगावर घालण्याचा आग्रह धरला. आपल्या जबाबदारीची जाणीव त्या रात्री ह्याच गणवेशाने दिली, असे त्यांचे म्हणणे होते.

ह्या दोघांना भय वाटले नसेल असे मुळीच नाही. परंतु भय वाटत असताना हाताशी करण्याजोगे काम होते आणि त्या कामावर अवलंबून असलेली माणसे समोर होती.

दुसऱ्या दिवशी लोकल गाड्या पुन्हा धावू लागल्या आणि मुंबईच्या हिमतीचे गोडवे गायिले गेले. मला मात्र त्या स्तुतीत थोडी निष्ठुरता दिसते. गाडीत चढणाऱ्या कित्येकांना घरी बसणे परवडणारेच नव्हते. त्यांची भीती शमली नव्हती. ती डब्यासोबत घेऊनच ते कामावर गेले. अशा माणसास शूर म्हणून मोकळे होण्यापेक्षा त्याला मन मोकळे करू देणे हे अधिक माणुसकीचे होय.

भीतीचा दुसरा उपाय न्यायालयात दिसला. जिवंत पकडलेल्या हल्लेखोरावर रीतसर खटला चालला. २००९ च्या जूनमध्ये, स्थानकात पायाला गोळी लागलेली दहा वर्षांची एक मुलगी कुबड्या घेऊन न्यायालयात आली आणि तिने आरोपीस ओळखले. ६ मे २०१० रोजी त्याला शिक्षा सुनावण्यात आली. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला ती अमलात आली. बंदुकीपुढे निरुपाय झालेल्या त्या मुलीचा शब्द कायद्याने ऐकून घेतला, ही गोष्ट मला त्या शिक्षेहूनही मोठी वाटते.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या काकांचा फोन दुपारी आला. ते सुखरूप होते. तरी लग्नाच्या वरातीतला फटाका वाजला की तो मुलगा दचके. पुढे मुख्याध्यापकांनी शाळेची घंटा देण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. पहिले काही दिवस तो स्वतःच्याच टोल्याने दचकत असे. परंतु घंटा एक दिवसही चुकली नाही.

आज कोणी मुलाने तोच प्रश्न विचारला, तर ''ते कधीच येणार नाहीत'' असे मी सांगणार नाही. ''मलाही भीती वाटते. ये, माझ्याजवळ बैस. मग आपण आजचा धडा उघडू,'' एवढेच सांगेन.