अर्नाळा ते वसई : एका पोहण्यामागचे घर

वसईचा इतिहास म्हटला की चिमाजी अप्पा आठवावेत हे साहजिकच आहे. अर्नाळा १७३७ साली मराठ्यांनी घेतला आणि वसई १७३९ च्या मे महिन्यात. या दोन किल्ल्यांमधल्या समुद्राशी आता आणखी एक साल जोडले गेले आहे. २०२१ च्या आरंभी जिया राय ही बारा वर्षांची मुलगी अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत सुमारे २२ किलोमीटर पोहत आली. तिला सात तासांहून थोडा अधिक वेळ लागला. जिया स्वमग्न आहे.

स्वमग्न मुलाचे बोलणे, इतरांत मिसळणे, आवाज आणि स्पर्श सोसणे निराळे असते. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन केले. ही अवस्था उपजत असावी असे म्हणणाऱ्या याच गृहस्थांनी पुढे आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखविले. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनी तर आईला आरोपीच्या पिंजऱ्यातच उभे केले. वस्तुतः या आरोपाला आधार नाही, हे बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ सालीच दाखविले होते. रिमलंड स्वतः अशा मुलाचे वडील! आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले.

ज्या घरावर एकेकाळी ठपका ठेवला, त्याच घरावर मुलाच्या हालचालीचा मोठा भार असतो. स्वमग्न मुले सामान्यतः इतरांपेक्षा कमी खेळतात. शिट्टी, गलका, क्षणोक्षणी बदलणारे डाव यांनी ती गांगरतात. पुष्कळांना चेंडू झेलणेही अवघड जाते. मैदान त्यांना लवकर बाहेर काढते. मग उरतात आई, बाप, भावंडे, आजोबा. जियाच्या घरी पोहणे आले ते उपचार म्हणून. वडील नौदलात, तेव्हा पाणी परके नव्हते. त्याच २०२१ च्या फेब्रुवारीत ती वांद्रे-वरळी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर पोहली; २०२२ साली पाल्कची सामुद्रधुनी, २०२४ साली इंग्लिश खाडी.

तथापि या उदाहरणाचा चाबूक करून तो दुसऱ्या आईबापांवर उगारू नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते. विरार लोकलने रात्री नऊला घरी पोचणाऱ्या बापाकडून खाडी ओलांडण्याची अपेक्षा कोणी करावी? रोज ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने मुलाबरोबर चालणे एवढे पुष्कळ घरांना जमते; ठराविकपणा या मुलांना मानवतो, आणि घरची माणसे स्वतः चालती-फिरती असली की मूलही निघते.

पाण्याविषयी मात्र एक सांगितले पाहिजे. आपल्या वाड्यांतून अजून कोठे कोठे बावखले उरली आहेत. पुष्कळ स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, धोक्याची जाणीव कमी. बुडण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळले आहे. ज्यांच्या वाडीत बावखल आहे त्यांनी त्याला कठडा घालावा, आणि पोहणे शिकवायचे तर जाणते माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात असतानाच शिकवावे.