आधी कोण?

जेहान सर्कलपाशी दोन दुचाकी एकाच फटीत घुसल्या, तर आधी कोण हे ओरडून का होईना, ठरते. प्रोग्रॅममधल्या थ्रेडना तेवढीही सोय नाही. एकाच आकड्यात दोन थ्रेडनी एकेक मिळवायचा आहे. वाचा, मिळवा, लिहा, अशा प्रत्येकी तीन पायऱ्या. त्या एकमेकींत गुंफण्याच्या तऱ्हा 20, पैकी बरोबर उत्तराच्या फक्त 2.

इलाज म्हणून कुलूप आधी आले. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांच्या 1965 च्या लेखनात ते सेमाफोर म्हणून येते, नाव रेल्वेच्या हाताच्या सिग्नलचे. पण कुलूप योग्य जागी लागलेय का, हे तपासायचे कसे?

त्याचा माग काढत गेलो की आपण टेक्सासमधल्या टायलर गावी पोचतो. तिथल्या कर्करोग केंद्रात 1986 च्या मार्च-एप्रिलमध्ये थेराक-25 या किरणोपचार यंत्राने दोन रुग्णांना जीवघेणी मात्रा दिली. ऑपरेटर सरावलेली, चुकीचे अक्षर पडले की भराभर दुरुस्त करायची. यंत्रातले चुंबक सज्ज व्हायला सुमारे 8 सेकंद लागत, आणि तेवढ्यात केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या लक्षातच येत नसे. तिथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर तिला घेऊन यंत्रापुढे बसले आणि 'मालफंक्शन 54' हा बिघाडाचा संदेश हवा तेव्हा उमटेपर्यंत दोघे टाइप करत राहिले. कंपनीच्या इंजिनिअरला ते जमेना, तेव्हा हेगरनी सांगितले, भरभर टाइप करा. माझ्या लेखी थ्रेडच्या टेस्टांच्या घराण्याचा मूळ पुरुष हीच. क्रम नशिबावर न सोडता हाताने घडवलेला.

1997 मध्ये बेल लॅब्जच्या पॅट्रिस गोदफ्रॉइड यांच्या व्हेरिसॉफ्टने हे काम शेड्युलरवर सोपवले. तो एकेक क्रम पद्धतशीर चालवून बघे. मात्र पायऱ्या दहा-दहा झाल्या की तऱ्हा 1,84,756. मायक्रोसॉफ्टमधल्या मदन मुसुवती आणि शाझ कादीर यांनी 2007 मध्ये काटछाट केली, चालता थ्रेड मध्येच किती वेळा अडवायचा यालाच मर्यादा घातली. बहुतेक चुका एकदोनदा अडवल्यावरच बाहेर पडत होत्या.

इकडे गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या कचेरीत मात्र क्रम साधायला टेस्टमध्ये नुसते स्लीप(100), म्हणजे तेवढे थांबा आणि आशा ठेवा. टेस्ट लॅपटॉपवर हिरवी, रात्रीच्या बिल्डमध्ये कधीमधी लाल. हे 100 मिलिसेकंद कुणी, कोणत्या मुहूर्तावर ठरवले, विचारू नका. शेवटी झोप काढली आणि लॅच घातला. पहिल्या थ्रेडने वाचले की त्याला रोखायचे, दुसऱ्याने लिहिले की सोडायचे. कुलूप बरोबर असेल तर दुसरा बाहेरच तिष्ठत राहणार, म्हणून थांबण्याला 2 सेकंदांची मुदत. ती संपली, तर टेस्ट पास. आमची संपलीच नाही. दुसऱ्याने आरामात लिहून टाकले. वाचनाची ओळ कुलपाच्या एक ओळ वर होती.