चौलचे माग कुठे गेले?

आम्ही कर्जत-खालापूरच्या बचत गटांच्या बाया वैशाखात चौल-रेवदंड्याला जाऊन आलो. खोपोली, पेण, अलिबाग करत एसटीनं. ऊन असं, की तटाच्या दगडाला हात लावता येईना. आज त्या मोडून गेलेल्या शहराबद्दल बोलू.

शहरच म्हणायचं. आता तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, पण सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या ग्रीक लिखाणात या बंदराचं नाव सापडतं. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलच्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. चेमुल म्हणजेच आपलं चौल. इथे उतरलेला माल घाट चढून देशावर जायचा. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथे उतरला, विकायला एक घोडा घेऊन! पुढे त्यानं पावसाळा जुन्नरला काढला. इथली माणसं केसांची एकच वेणी घालतात, हेसुद्धा त्यानं टिपून ठेवलंय.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये रेवदंड्याला बांधकाम सुरू केलं. पडकी चर्च आणि सातखणी मनोरा त्यांच्या काळातला. मनोऱ्याचे चारच मजले उरलेत. फोटो सगळे तिथेच काढतात.

आमचं लक्ष मात्र लागलं विणकरांकडे. चौलचं रेशमी कापड सोळाव्या-सतराव्या शतकात नावाजलेलं होतं, गोव्यापर्यंत जायचं. कच्चं रेशीम यायचं चीनहून, हात इथले. आपल्या पापडाचंही तसंच, उडीद बाजारातून आणि लाटणं आपलं.

मग लढाया झाल्या. १५७०-७१ मध्ये निजामशहानं पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला, पुढेही शांतता फार टिकली नाही. खाडी गाळानं भरत गेली, जहाजं सुरत-मुंबईकडे वळली. सतराव्या शतकात मुंबई वसवताना इंग्रजांनी चौलचे विणकर तिकडे बोलावले, त्यांना राहायला जागा करून दिली. १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला, तोवर चौलचे चांगले दिवस सरले होते.

किल्ला कोणी कधी घेतला हे पुस्तकात वाचायला मिळतं. माग उचलून गेलेल्या घरांतल्या बायकांबद्दल ओळसुद्धा नाही. रेशीम उकलायचं, कांड्या भरायच्या, ही कामं येवल्या-पैठणला आजही घरातल्या बायका करतात. चौललाही त्याच करत असणार, असं आम्हाला वाटतं. बोलावणं आलं विणकराला. घर आवरून, पोरं घेऊन निघाली असेल ती बाईच. तिला कोणी विचारलं असेल का? आपल्या लेकी पहाटेची लोकल धरून कल्याण-मुंबईला कामाला जातात, त्यांना तरी कोण विचारतं?

चौलला ३६० देवळं आणि ३६० तळी होती, असं गावात सांगतात. मोजायला आम्ही गेलो नाही. रामेश्वराची पुष्करणी मात्र नक्की बघा, पायऱ्यांवर बसायला गार वाटतं. दिवाळीनंतर जा, पाणी बरोबर ठेवा, आणि मनोऱ्यावरच थांबू नका. विणकरांची वस्ती वरच्या चौलात होती, तिकडेही चक्कर मारा.