‘गॅस गेलाय’: फ्रिजच्या बिघाडांचा एक छोटा इतिहास

मागच्या मे महिन्यात आमचा फ्रिज बिघडला. वर फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा घट्ट, आणि खालच्या कप्प्यात रात्रीचं दूध सकाळी नासलेलं. दुधाचं एवढं काही नाही, एक दिवस कोरा चहा प्यायचा. पण आत आईच्या इन्सुलिनच्या कुप्याही होत्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. तापलं तर खराब होतं आणि गोठलं तरी वाया जातं. मी घाईघाईत कुप्या फ्रीजरमध्ये ठेवायला निघालो, तेव्हा आईनेच हात धरला. शेवटी त्या शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये गेल्या. नागपूरच्या मे महिन्यात दुसरा उपाय नव्हता.

दुपारी मेकॅनिक आला. त्याने फ्रिजच्या मागे हात लावून पाहिला, कान लावून ऐकलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला, “गॅस गेलाय. भरावा लागेल.”

हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी बोललं गेलेलं आहे. मी विचारलं, कुठला गॅस? तो म्हणाला, “फ्रिजचा.” खर्चाचा आकडा ऐकून मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत मी जे वाचत गेलो, त्यातून एक गोष्ट लक्षात आली. फ्रिजचा इतिहास म्हणजे त्याच्या बिघाडांचा इतिहास आहे. आपण आज ज्या तक्रारी करतो, त्यातल्या एकेकीवर कुणी ना कुणी आयुष्य घालवलेलं आहे.

दाराचं रबर आणि बॉस्टनचं जहाज

यंत्र येण्याआधी थंडी बाहेरून आणावी लागे. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी गार करत, आणि लाहोरला डोंगरांतून बर्फ येई. अलाहाबादकडे हिवाळ्याच्या निरभ्र रात्री गवताच्या थरावर उथळ मातीची भांडी पाण्याने भरून ठेवत आणि पहाटे त्यावरचा पातळ बर्फ गोळा करत. रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने १७७५ मध्ये या पद्धतीचं वर्णन लिहून ठेवलं आहे.

मग १८३३ मध्ये एक अजब गोष्ट घडली. फ्रेडरिक ट्यूडर हा बॉस्टनचा व्यापारी तिथल्या गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापून जगभर विकत असे. त्या वर्षी मे महिन्यात ‘टस्कनी’ हे त्याचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. दोनदा विषुववृत्त ओलांडूनही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढच्या वर्षी मुंबईतही अमेरिकन बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं आणि नंतर यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा तेव्हापासून सांगितला जातो. कोटात स्कॉटिश चर्चजवळ बर्फ साठवायला घुमटाची गोल इमारत उभी राहिली. मुंबईची ती इमारत आता नाही, पण चेन्नईचं ‘आइस हाउस’ समुद्रासमोर अजून उभं आहे. आज त्याला विवेकानंद हाउस म्हणतात.

ट्यूडरकडे थंडी तयार करणारं काहीच नव्हतं. त्याच्याकडे होता लाकडाचा भुसा. सगळा धंदा एका प्रश्नावर उभा होता, बाहेरची उष्णता आत येऊ कशी द्यायची नाही? आपल्या फ्रिजच्या दाराचं रबर आजही तेच काम करतं. फ्रिज सारखा चालू राहतोय, दाराच्या कडेला घाम येतोय, असं वाटलं तर दारात एक नोट अडकवा आणि ओढून बघा. अलगद निसटली तर रबर सैल झालंय. आधी ते कोमट साबणपाण्याने पुसा. बऱ्याचदा चिकटलेल्या मळापुरताच तो दोष असतो.

मागची धूळ आणि एक डॉक्टर

अमेरिकेत फ्लोरिडातल्या अपालाचिकोला या बंदरात जॉन गोरी नावाचा डॉक्टर तापाच्या रुग्णांवर उपचार करायचा. खोली गार ठेवली तर रुग्णांना बरं वाटतं, हे पाहून तो छताजवळ बर्फाची परात टांगायचा. पण बर्फ उत्तरेकडून जहाजाने येणार, तो वेळेवर आला तर आला. म्हणून त्याने यंत्र बनवलं. हवा दाबली की ती तापते. ही उष्णता काढून घेतली आणि मग हवा मोकळी प्रसरण पावू दिली की ती अतिशय गार होते. १८५१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. भांडवल मात्र मिळालं नाही, वर्तमानपत्रांत टिंगल झाली आणि १८५५ मध्ये तो वारला. आईच्या कुप्या शेजारी ठेवून आलो होतो, त्यामुळे हे वाचताना मला थोडं थांबावंसं वाटलं. गोरीने बर्फाचं यंत्र सरबतासाठी नाही, आजारी माणसांसाठी बनवलं होतं.

त्याच दशकात ऑस्ट्रेलियात जिलाँगला जेम्स हॅरिसन या वर्तमानपत्राच्या संपादकाने ईथर वापरून बर्फ बनवला. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर तो उडताना गार लागतो ना, तीच युक्ती. द्रव उडताना आजूबाजूची उष्णता घेऊन जातो. मग त्या वाफेला कॉम्प्रेसरने दाबायचं, बाहेर उष्णता सोडायला लावायची आणि पुन्हा द्रव करून आत पाठवायचं. तुमच्या घरातला फ्रिज बहुतेक याच चक्रावर चालतो.

म्हणजे फ्रिज थंडी ‘तयार’ करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून मागची जाळी धुळीने भरली किंवा फ्रिज भिंतीला चिकटवला की ही उष्णता जायची कुठे? उन्हाळ्यात ‘कूलिंग होत नाही’ ही तक्रार आली की आधी प्लग काढा, जाळीवरून ब्रश फिरवा आणि फ्रिज चार बोटं पुढे ओढा. याला पैसे लागत नाहीत.

गॅस म्हणजे नक्की काय?

आता मूळ प्रश्न. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिज घरात आला तेव्हा त्यात अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. तेव्हा ‘गॅस गेला’ याचा अर्थ घरातली माणसंही जाऊ शकत होती. बर्लिनमधलं एक कुटुंब झोपेतच अशा गळतीने मेल्याची बातमी अल्बर्ट आइनस्टाइनने वाचली आणि तो अस्वस्थ झाला. लिओ झिलार्ड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्याने काही वर्षं चक्क फ्रिजवर काम केलं. हलणारे भाग असले की सांधे झिजतात आणि सांध्यांतून गॅस गळतो, म्हणून हलणारे भागच नसलेला फ्रिज बनवायचा, अशी त्यांची कल्पना. १९३० मध्ये त्यांना अमेरिकन पेटंटही मिळालं. तो फ्रिज बाजारात मात्र कधी आला नाही.

कारण दुसरीकडे थॉमस मिज्लीने सोपं उत्तर शोधलं होतं. विषारी नाही आणि पेट घेत नाही असा वायू, फ्रिऑन. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. टाळ्या पडल्या. फ्रिज घराघरांत जाण्यातला मोठा अडसर दूर झाला. आपल्याकडे गोदरेजने १९५८ मध्ये भारतीय बनावटीचा फ्रिज आणला, तो या फ्रिऑनच्या जमान्यातच.

पण हा गॅसही गळत होताच. गळाला तरी घरात कुणाला काही होत नव्हतं, म्हणून कुणी लक्ष देत नव्हतं. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राचा शोध जाहीर झाला, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. नंतर आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त ताकदवान आहे. आता बऱ्याच नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. त्यातून वातावरणाचं फारसं नुकसान होत नाही, पण तो ज्वलनशील आहे. कॉम्प्रेसरवरच्या किंवा फ्रिजच्या आतल्या स्टिकरवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचा. आर-६००ए असेल तर दुरुस्तीच्या वेळी खिडक्या उघड्या हव्यात आणि गॅसची शेगडी बंद.

आणखी एक. हा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत वर्षानुवर्षं तोच फिरतो. गेला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

बर्फ येत नाही, बर्फ जात नाही

तिसऱ्या दिवशी दुसरे मेकॅनिक आले. साठीच्या पुढचे, बोलायला निवांत. त्यांनी फ्रीजर उघडला आणि हसले. “भाऊ, गॅस गेला असता तर वर एवढा बर्फ कुठून जमला असता?”

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये गार होणारी जाळी बहुधा एकच असते, फ्रीजरच्या मागे. पंखा तिथली गार हवा खाली ढकलतो. जाळीवर जमणारा बर्फ एक छोटा हीटर अधूनमधून वितळवतो. हीटर चालेनासा झाला की बर्फाची भिंत तयार होते आणि हवेची वाट बंद होते. मग वर कडाक्याची थंडी, खाली उन्हाळा. काकांनी मागचं पॅनेल काढून दाखवलं. पूर्ण जाळीवर सारखा पांढरा थर होता. “गॅस कमी असता तर जाळीच्या एखाद्या कोपऱ्यातच बर्फ दिसला असता.” दोष निघाला हीटर चालू करणाऱ्या बोटाएवढ्या थर्मोस्टॅटचा.

मी सुरीने बर्फ खरवडायला गेलो तर ते ओरडलेच. नळीला भोक पडलं की मग खरंच गॅस जातो. आम्ही प्लग काढून दारं उघडी ठेवली, खाली जुनी चादर अंथरली आणि बर्फ आपोआप वितळू दिला.

निघताना त्यांनी शेजारच्या काकूंचा आइस मेकरही पाहिला. मुलाने अमेरिकेहून येऊन हौसेने घेऊन दिलेल्या मोठ्या फ्रिजमधला, चार महिने बंद. त्याचं काम साधं असतं. व्हॉल्व्ह साच्यात पाणी सोडतो, पाणी गोठतं, हीटर साचा किंचित गरम करतो, दांडा फिरून खडे खाली पाडतो. ट्रे भरला की एक तार वर उचलली जाते आणि यंत्र थांबतं. काकूंकडे ती तारच वर अडकली होती. काकांनी बोटाने खाली केली. “पैसे?” काकूंनी विचारलं. “बर्फ पडला की सरबत पाजा.”

संध्याकाळी मी आमच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला. रात्री दहाला ५ अंश दिसले. तरी आईने कुप्या लगेच आणू दिल्या नाहीत. “उद्या सकाळपर्यंत बघू,” म्हणाली. सकाळी पुन्हा पाहिलं, ५. मग मी काकूंकडे गेलो.