उजी : जपानमधलं चहाचं शांत शहर, दोन दिवसांत काय पाहायचं आणि माचा घेताना काय तपासायचं?

इन्स्टाग्राम उघडलं की हिरव्यागार माचाचं एक तरी रील समोर येतंच. पुण्यातल्या कॅफेंच्या मेन्यूतही माचा आता कॉफीच्या शेजारी जाऊन बसलाय. त्यामुळे वाघोलीतलं एखादं जोडपं जपानला निघालं, की टोकियो आणि क्योटोसोबत आणखी एक नाव यादीत येतं, ते म्हणजे उजी.

पण हे उजी नेमकं आहे कुठे? चहासाठी ते एवढं प्रसिद्ध का झालं? आणि तिथून आणलेला प्रत्येक डबा खरंच 'उजीचा' असतो का?

उजी कुठे आहे, कसं जायचं?

उजी हे क्योटो आणि नारा या दोन जुन्या राजधान्यांच्या मधलं शहर. लोकसंख्या साधारण पावणेदोन ते दोन लाख. बिवा सरोवरातून निघालेलं पाणी उजी नदी होऊन शहराच्या मधून वाहतं.

क्योटो स्टेशनवरून जेआर नारा लाइनची जलद गाडी २० मिनिटांच्या आसपास उजीला पोहोचवते. धीम्या गाडीला जवळपास अर्धा तास लागतो. संध्याकाळी वाघोलीहून खराडी बायपास गाठायला अनेकदा याहून जास्त वेळ जातो!

पुण्याहून ओसाकाला थेट विमान नाही, त्यामुळे वाटेत विमान बदलावं लागतं. भारतात राहणाऱ्यांसाठी जपानने १ एप्रिल २०२४ पासून पर्यटनाचा ई-व्हिसा सुरू केला. तो एका प्रवेशासाठी असतो आणि जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. विमानतळावर तो मोबाइलवर इंटरनेट लावून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही.

चहा उजीलाच का?

एइसाई नावाचे बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनहून चहाचं बी घेऊन आले, असं मानलं जातं. तिथून क्योटोजवळच्या डोंगरात आणि पुढे उजीत चहाची लागवड झाली. नदीवरचं धुकं, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन चहाला मानवली. शोगुनांचा आश्रय मिळाला आणि उजीचं नाव झालं.

आपला आल्याचा कडक चहा आणि माचा, दोन्ही एकाच जातीच्या झाडापासून होतात. फरक पडतो तो पुढच्या कामात. आपल्या चहाची पानं चिरडून काळी होऊ दिली जातात. माचासाठी तोडणीच्या आधी सुमारे तीन आठवडे झाडांवर आच्छादन घालतात. ऊन कमी मिळालं की पानातला गोडसरपणा टिकतो, तुरटपणा कमी राहतो आणि रंग गडद हिरवा होतो. मग पानं वाफवून वाळवतात, देठ-शिरा काढतात. या पानाला 'तेन्चा' म्हणतात. तो दगडी जात्यावर दळला की माचा तयार. एक जातं तासाला जेमतेम ४० ग्रॅम माचा दळतं. म्हणूनच चांगला माचा स्वस्त नसतो.

दोन दिवसांत काय पाहायचं?

ब्योदोइन मंदिर : १०५३ साली बांधलेला इथला 'फिनिक्स हॉल' जपानच्या १० येनच्या नाण्यावर आहे. १९९४ पासून हे मंदिर जागतिक वारसा यादीत आहे. हॉलच्या आत ठरावीक लोकांनाच गटागटाने सोडतात आणि त्याचं तिकीट वेगळं असतं. सकाळी लवकर गेलेलं बरं.

उजी पूल : इथे पहिला पूल ६४६ मध्ये बांधला गेल्याचं सांगतात. पुलाच्या टोकाला 'त्सूएन' हे चहाचं दुकान आहे. त्याची सुरुवात ११६० ची, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या साडेचारशेहून जास्त वर्षं आधीची.

उजीगामी मंदिर : नदीपलीकडे झाडीत लपलेलं हे शिंतो मंदिर देशातल्या सर्वांत जुन्या शिंतो वास्तूंपैकी एक मानलं जातं. गर्दी इथे कमीच असते.

गेंजी संग्रहालय : 'गेंजीची कथा' या हजार वर्षांपूर्वीच्या कादंबरीची शेवटची दहा प्रकरणं उजीत घडतात. आसागिरी पुलाजवळ त्यातल्या प्रेमी जोडीचा पुतळा आहे. जोडप्यांचे फोटो इथे हमखास निघतात.

चाझुना : २०२१ मध्ये सुरू झालेलं हे चहाचं संग्रहालय. जात्यावर स्वतः माचा दळून पाहायचा असेल तर इथे जा.

बहुतेक पर्यटक क्योटोहून येऊन दुपारपर्यंत परततात. दुकानं संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होऊ लागतात. एक रात्र मुक्काम केला, तर नदीकाठचं खरं शांत उजी दिसतं. नवी तोडणी पाहायची असेल तर मेच्या सुरुवातीचे आठवडे चांगले.

शाकाहारींसाठी एक सूचना : चहाची पूड घातलेल्या हिरव्या 'चा-सोबा' नूडल्स शाकाहारी दिसतात, पण त्यांचा रस्सा बहुतेक वेळा माशापासून केलेला असतो. आधी विचारून घ्या.

मग माचाचा तुटवडा का?

२०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले. त्यातच माचा सोशल मीडियावर गाजला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत क्योटो परिसरातल्या नामांकित चहा कंपन्यांनी एका ग्राहकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातली.

मागणी वाढली म्हणून उत्पादन लगेच वाढत नाही. नवं झाड नीट उत्पन्न द्यायला साधारण पाच वर्षं घेतं. शिवाय शेती करणारेच कमी होतायत. जपानमध्ये २००० साली सुमारे ५३ हजार चहा उत्पादक होते. २०२० पर्यंत ते १२ हजारांच्या आसपास आले. जुने शेतकरी थकले आणि पुढची पिढी शहरात गेली, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही.

डबा घेताना काय तपासायचं?

- 'उजी चहा' म्हणजे सगळा उजी शहरातला चहा नव्हे. २००४ च्या व्याख्येनुसार क्योटो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांतला, पण क्योटो प्रांतात प्रक्रिया केलेला चहाही 'उजी चहा' ठरतो. ही फसवणूक नाही, पण माहीत असलेलं बरं.
- 'सेरेमोनियल ग्रेड' या शब्दांना जपानमध्ये सरकारी व्याख्या नाही. फक्त त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.
- साखर किंवा दूध पावडर घातली आहे का, ते घटकांच्या यादीत पाहा.
- रंग पिवळट-तपकिरी असेल तर माल जुना किंवा हलका असण्याची शक्यता जास्त.
- छोटा डबा घ्या. उघडल्यावर महिनाभरात संपवा.
- उकळतं पाणी ओतू नका. ७०-८० अंशांचं पुरे, नाहीतर चव कडवट होते.

जपान सध्या शक्य नसेल तर?

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, वाघोलीहून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. त्या मूळ बागेत चहाचा छोटा मळाही आहे. पुण्यातल्या बागेत तो मळा नाही, पण तळं, लाकडी पूल आणि शांतता आहे. व्हिसा मिळेपर्यंत दोघांनी एक सकाळ तिथे काढायला हरकत नाही.