एक एकराची शाळा

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो खाऊन जगली. ज्वारीच्या मुलखावर परक्याची ज्वारी मागून खायची वेळ आली होती. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ उभं राहिलं.

भुकेवरचं तेव्हाचं उत्तर होतं उत्पादन. संकरित बियाणं, खत, फवारणी हे आधी सरकारी प्रक्षेत्रावर दाखवायचं, मग शेतकऱ्याच्या वावरात उतरवायचं. १९७४ साली देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र पाँडिचेरीला निघालं. पुढे अशी केंद्रं लातूरला आणि नांदेड जिल्ह्यात सगरोळीलाही आली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण तर विदर्भापर्यंत पोचला. पण कापूस खाता येत नाही.

सोयाबीनचंही तेच. त्यानं पैसा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र घरच्या चुलीला ते चुकवून थेट लातूरच्या आडतीवर जातं. ज्वारी हटली तशी भाकरी महागली, आणि कडबाही गेला. कोठीत दाणा नाही, म्हणून शेतकऱ्याच्याच घरात तूरडाळ किराणा दुकानातून येऊ लागली.

या प्रश्नाला पुढे हात घातला तो मात्र प्रयोगशाळेनं नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि पुनर्वसनात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. घर कसं बांधायचं, हे त्या गवंड्याला विचारू लागल्या. या कामातूनच प्रेमा गोपालन यांनी १९९८ मध्ये ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी केली.

नंतरच्या दुष्काळांत, ज्यांतल्या एकात एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, संस्थेनं एक एकराचं शेत रुजवलं. बाईनं घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घ्यायचा. ही मागणीच खरी अवघड, कारण राबते ती, पण सातबारा बहुधा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. त्या तुकड्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, पालेभाज्या. खत शेणाचं नि गांडुळाचं, बी शक्यतो घरचं. आधी घर खाणार, उरलं तर बाजार.

शेजारणी बांधावर येऊन पाहतात आणि पुढच्या हंगामात स्वतः पेरतात. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातावरच्या तुडतुड्यांशी लढताना शेतातच भरलेल्या शेतीशाळांचा हाच गाभा होता. इथं फरक एवढाच की शिकवणारीही गावातलीच, आणि प्रश्न किडीचा नाही, काय पेरायचं हे कुणी ठरवायचं याचा आहे.

२०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं या कामाला इक्वेटर पुरस्कार दिला. अर्थात एका एकरानं सावकाराचं कर्ज फिटत नाही. घरची बाकी जमीन बहुधा सोयाबीनखालीच असते, आणि तिचं काय होणार ते लातूरच्या सौद्यात ठरतं.