मळीपासून मोटारीपर्यंत: पॉवर अल्कोहोल कायद्याचा पूर्वेतिहास आणि उत्तरायुष्य

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सक्ती ही एकविसाव्या शतकातील कल्पना आहे, असा समज आज रूढ असला तरी स्वतंत्र भारताच्या संविधान सभेने कायदेमंडळ या नात्याने १९४८ सालीच 'भारतीय पॉवर अल्कोहोल अधिनियम' संमत केला होता आणि संविधान अमलात येण्यापूर्वीचा हा कायदा पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कायदेपुस्तकात कायम राहिला. त्याचा जन्म कशातून झाला आणि सक्तीचा अधिकार हाती असूनही तो निष्प्रभ का ठरला, हे समजून घेण्यासाठी तेलाच्या इतिहासापेक्षा साखरेच्या इतिहासाकडे अधिक पाहावे लागते.

१९३२ साली साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा देशात आधुनिक पद्धतीचे साखर कारखाने जेमतेम तीसच्या आसपास होते. त्यानंतरच्या पाचच वर्षांत ही संख्या सव्वाशेच्या पुढे गेली. त्यांतील बहुतेक कारखाने संयुक्त प्रांत आणि बिहारमध्ये निघाले असले तरी मुंबई इलाख्यातही नीरा, प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखाली ऊस वाढत होता, बेलापूरच्या जुन्या कारखान्याच्या जोडीला रावळगाव आणि वालचंदनगर येथे नवे कारखाने उभे राहत होते. या झपाट्याने झालेल्या वाढीत एका गोष्टीचा विचार मागे पडला, तो म्हणजे मळीचा. उसाचा रस आटवून त्यातून साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर जो दाट, काळपट पाक उरतो आणि ज्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही, त्याला मळी म्हणतात. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे चार टक्के एवढी ती निघते, म्हणजे एक लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याच्या आवारात हंगामाअखेर चार हजार टनांच्या घरात मळी साठते. तंबाखूवाले आणि गुरांच्या खाद्याचे व्यापारी तिचा अल्प भाग उचलत, परंतु उरलेली मळी खड्ड्यांत, ओढ्यांत आणि पडीक जमिनीवर सोडली जात असे. ती आंबून दुर्गंधी पसरे, पाणी बिघडे आणि आसपासच्या गावांना त्याचा जाच होई. या गावकऱ्यांच्या हालांची नोंद उद्योगाच्या इतिहासात फारशी आढळत नाही, पण मळीचा प्रश्न सरकारदरबारी पोहोचण्यामागे त्यांचाही वाटा होता हे विसरता येत नाही.

मळीत साखर शिल्लक असते आणि ती आंबवून ऊर्ध्वपातन केल्यास, म्हणजे उकळवून निघालेली वाफ पुन्हा थंड केल्यास, मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, मिळतो, हे नवे ज्ञान नव्हते. अडचण पुढच्या पायरीवर होती. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्काची शुद्धता पंचाण्णव-शहाण्णव टक्क्यांच्या पुढे जात नाही, कारण त्या प्रमाणाला पोहोचल्यावर मद्यार्क आणि पाणी एकत्रच उकळू लागतात. असा मद्यार्क पेट्रोलमध्ये घातला तर थोड्याशा पाण्यानेही मिश्रण फुटते, मद्यार्क आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिन बंद पडते. म्हणून बेंझिनसारखा तिसरा द्रव मिसळून उरलेले पाणी ओढून काढण्याची रीत युरोपात विकसित झाली होती, आणि अशा जवळजवळ निर्जल मद्यार्कालाच पॉवर अल्कोहोल हे नाव मिळाले. भारतात या दिशेने विचार मळीच्या आधी मोहाच्या फुलांपासून सुरू झाला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोहाच्या किण्वनावर, म्हणजे आंबवण्याच्या प्रक्रियेवर, संशोधन केले, परंतु रानावनांतून गोळा कराव्या लागणाऱ्या फुलांपेक्षा कारखान्याच्या दाराशी फुकट पडलेली मळी अधिक सोयीची ठरणे स्वाभाविक होते.

सक्तीची कल्पना परदेशांत आधीच रुजली होती. फ्रान्सने १९२३ साली पेट्रोलच्या आयातदारांवर ठराविक प्रमाणात सरकारी मद्यार्क विकत घेण्याचे बंधन घातले, जर्मनीने १९३० मध्ये तसेच पाऊल उचलले आणि ब्राझीलने १९३१ मध्ये आयात पेट्रोलच्या पाच टक्के इतका देशी मद्यार्क घेणे आवश्यक केले. या तिन्ही देशांत हेतू बव्हंशी शेतमालाचा उठाव हाच होता. भारतात संयुक्त प्रांत आणि बिहार सरकारांनी १९३८ मध्ये पॉवर अल्कोहोल आणि मळी यांविषयी संयुक्त चौकशी समिती नेमली, म्हैसूर संस्थानात मंड्याच्या साखर कारखान्याला जोडून पॉवर अल्कोहोलचे उत्पादन सुरू झाले आणि संयुक्त प्रांताने १९४० मध्ये स्वतःचा पॉवर अल्कोहोल कायदा केला. दुसऱ्या महायुद्धाने या प्रयत्नांना जी निकड दिली ती शांततेच्या काळात कधीच आली नसती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडल्यावर तिथले तेल बंद झाले, देशात आसामातील दिग्बोईसारख्या मोजक्या क्षेत्रांखेरीज सांगण्यासारखा साठा नव्हता, पेट्रोलचे रेशनिंग चालू होते आणि कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या बस रस्त्यांवर दिसत होत्या.

या पार्श्वभूमीवर १९४८ चा अधिनियम आला. पॉवर अल्कोहोल उद्योगाचा विकास केंद्राच्या नियंत्रणाखाली असणे सार्वजनिक हिताचे आहे, अशी घोषणा करून त्याने पॉवर अल्कोहोलची व्याख्या केली, ती म्हणजे आकारमानाने किमान ९९.५ टक्के इथाइल अल्कोहोल असलेला द्रव, आणि एखाद्या प्रदेशात ठरलेल्या प्रमाणात मद्यार्क मिसळल्याशिवाय पेट्रोल विकता येऊ नये अशी अधिसूचना काढण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. सक्तीचा रोख पेट्रोल विकणाऱ्यावर होता, तर मद्यार्क पुरवण्याची जबाबदारी कोणाचीही नव्हती. या मसुद्यातील खरा दोष इथेच दिसतो, कारण पुरवठा ऊस, पाऊस आणि मळीच्या भावावर अवलंबून राहिला आणि कायद्याला त्यांपैकी एकालाही हात लावता आला नाही.

त्यात अबकारी व्यवस्थेची गुंतागुंत होती. अबकारी म्हणजे दारूवरील कर आणि तिचे नियंत्रण. हा प्रांतांच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता, आणि ज्या भट्टीतून इंधन निघते तिच्यातूनच पेयही निघू शकते, ही शंका प्रत्येक प्रांतिक अधिकाऱ्याच्या मनात होती. म्हणून इंधनाचा मद्यार्क विकृत करण्याची, म्हणजे त्यात पिण्यास अयोग्य द्रव्ये घालण्याची अट आली. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केल्यावर तर मद्यार्काचा प्रत्येक थेंब परवाना, पहारा आणि नोंदवहीच्या चौकटीत गेला. संविधानाने पुढे मादक पेये राज्यांच्या सूचीत आणि सार्वजनिक हितासाठी नियंत्रित उद्योग केंद्राच्या सूचीत ठेवले, त्यामुळे एकाच द्रवावर दोन सरकारांचा हक्क सांगितला जाऊ लागला. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात दशकानुदशके चालला.

मिश्रणाची प्रत्यक्ष विक्री आसवन्यांच्या, म्हणजे मद्यार्क गाळणाऱ्या कारखान्यांच्या, आसपासच्या प्रदेशापलीकडे फारशी गेली नाही, आणि १९५० च्या दशकात तर तिची गरजच ओसरू लागली. तुर्भे येथे १९५४ आणि १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, कच्चे तेल आणून येथेच पेट्रोल काढणे शक्य झाले. दुसरीकडे मद्यार्काला अधिक भाव देणारे ग्राहक पुढे आले. बरेलीचा कृत्रिम रबराचा कारखाना आणि रिश्रा येथील पॉलिथिनचे उत्पादन मद्यार्कावर चालत होते, आणि नगर जिल्ह्यातील साकरवाडीला करमशीभाई सोमैया यांच्या समूहाने मद्यार्कापासून रसायने बनवण्याचा उद्योग उभारला. जो मद्यार्क रसायनांत गेल्याने परदेशी चलन अधिक वाचते तो इंजिनात जाळणे सरकारलाही शहाणपणाचे वाटेना. १९६१ च्या मळी नियंत्रण आदेशाने मळीचा भाव इतका खाली बांधला गेला की ती नीट साठवण्यात कारखान्यांना रस उरला नाही. टाक्या गळक्या राहिल्या, गुणवत्ता घसरली आणि जो पदार्थ उपयोगात आणण्यासाठी कायदा झाला होता तो पुन्हा वाया जाऊ लागला. हे नियंत्रण १९९३ मध्ये उठले. पॉवर अल्कोहोल अधिनियम २००० साली निरसित झाला, म्हणजे संसदेने तो रद्द केला, तेव्हा त्यावर कोणी आवाज उठवल्याचे दिसत नाही.

निरसनानंतर वर्षही सरते न सरते तोच सक्तीचा विचार परतला. २००१ मध्ये पाच टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प तीन ठिकाणी सुरू झाले, त्यांतील दोन, मिरज आणि मनमाड, महाराष्ट्रात होते आणि तिसरा उत्तर प्रदेशात आंवला येथे होता. कोल्हापूर-सांगली आणि नाशिक-नगरच्या ऊसपट्ट्याला ही दोन्ही तेलसाठ्यांची ठिकाणे लागून असल्याने ही निवड सयुक्तिक होती. १ जानेवारी २००३ पासून महाराष्ट्र आणि गोव्यासह नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के इथेनॉल सक्तीचे झाले, मात्र या वेळी संसदेच्या स्वतंत्र कायद्याऐवजी शासकीय अधिसूचनेने. तोच अनुभव पुन्हा आला. दुष्काळ पडला, २००२ पासून सांगली भागात दिसू लागलेला लोकरी मावा नावाच्या किडीचा प्रादुर्भाव उसावर पसरला, महाराष्ट्राचे साखर उत्पादन निम्म्यावर आले, मळी मिळेना आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सक्ती शिथिल करावी लागली. २००६ मध्ये ती वीस राज्यांपर्यंत वाढवली, पण व्यावहारिक दृष्ट्या परवडत असेल तर, अशी सूट सोबत ठेवून. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचे देशपातळीवरील प्रमाण अवघे १.५३ टक्के होते.

चित्र बदलले ते भावामुळे. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने इथेनॉलचा भाव आसवनी ते तेलसाठा या अंतरानुसार लिटरला ४८.५० ते ४९.५० रुपये असा आधीच बांधून दिला, त्यामुळे आसवनीला कर्ज काढून टाक्या, किण्वनपात्रे आणि निर्जलीकरणाची यंत्रे उभारताना कशाच्या भरवशावर उभारायचे हे कळू लागले. २०१८ च्या धोरणाने साखर पूर्ण काढून उरलेल्या सी-हेवी मळीबरोबरच साखर अंशतः मागे ठेवलेली बी-हेवी मळी, थेट उसाचा रस आणि खराब धान्य यांनाही मुभा दिली आणि त्यांचे भाव वेगवेगळे ठरवले. त्या वर्षी रसापासूनच्या इथेनॉलला ५९.१९ रुपये, बी-हेवीला ५२.४३ रुपये आणि सी-हेवीला ४३.४६ रुपये लिटर मिळत होते. दहा टक्क्यांचे लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि वीस टक्क्यांचे मूळचे २०३० हे साल अलीकडे आणून २०२५ केले गेले, ते त्या वर्षी साध्यही झाले.

तरीही ७ डिसेंबर २०२३ रोजी, पाऊस कमी पडून साखरेचे उत्पादन घटण्याची भीती दिसताच, सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यास बंदी घातली आणि ज्या सहकारी कारखान्यांनी नव्याने आसवन्यांवर कोट्यवधींचे कर्ज घेतले होते त्यांच्या हंगामाचे गणित एका दिवसात कोलमडले. ती बंदी ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक मद्यार्कही राज्यांच्या 'मादक पेये' या विषयात येतो असा निर्णय दिला, आणि १९८९ चा सात न्यायाधीशांचा उलट निकाल बाजूला पडला. इथेनॉलच्या कच्च्या मालातही उसाचे एकछत्री स्थान राहिलेले नाही. २०२३-२४ मध्ये मका हा त्याचा सर्वांत मोठा स्रोत बनला, पूर्वी मका निर्यात करणारा देश तो आयात करू लागला, आणि कुक्कुटपालन करणारे व्यावसायिक खाद्याच्या वाढत्या भावाविरुद्ध गाऱ्हाणे घेऊन मका शुल्कमुक्त आयात करण्याची मागणी करू लागले.